पाच छोटे एप्रन

शिंप्याने पाचवा एप्रन मशीनवरून काढला, दाताने दोरा तोडला आणि लेकीच्या गळ्यात अडकवून पाहिला. गुडघ्याच्या खाली जात होता.

"वाढत्या अंगाचा आहे," तो म्हणाला. ठकू खुदकन हसली.

रविवारी तिला सहा वर्षं पूर्ण होणार होती. केक विकत आणायचा नाही, मैत्रिणींनी मिळून बिस्किटं करायची, असं तिनेच ठरवलं होतं. चार मैत्रिणी आणि ती. आई गेल्यापासून पोरीने पहिल्यांदाच काही मागितलं होतं. पीठ कोण मळणार, साखर कोण घालणार, ते तिने ठरवलं. ओव्हनला हात फक्त बाबाने लावायचा, हे त्याने. कापडं बेतायचं टेबल त्याने घासूनपुसून ठेवलं, कात्र्या कपाटात कुलूपबंद केल्या, शेजाऱ्यांची दोन स्टुलं मागून आणली.

मग तो फोन घेऊन बसला.

पहिल्या मैत्रिणीच्या आईने कौतुक केलं, घरात विचारून सांगते म्हणाली. दुसरीकडे नेमके पाहुणे येणार होते. तिसरीने कोण कोण येणार ते विचारून घेतलं, आणि मग मुलीला सर्दी असल्याचं तिला आठवलं.

चौथीची आई शिक्षिका होती. आडपडदा न ठेवता बोलणारी.

"राग मानू नका, पण त्या वेळी घरात कोण असेल?"

"मी आहे ना. दुकान दिवसभर बंदच ठेवणार आहे."

"तेच म्हणतेय मी. बाईमाणूस कोणी नाही ना."

त्याला आधी अर्थच लागला नाही. लागला तेव्हा कानशिलं तापली. हरकत नाही म्हणून त्याने फोन ठेवला. थोड्या वेळाने पहिलीचाही निरोप आला, जमणार नाही म्हणून.

ठकूला त्याने सांगितलं, मैत्रिणींना ताप आलाय.

"चौघींना?"

"साथ आहे."

रविवारी दोघांनीच बिस्किटं केली. चौघींचा ताप उतरला की द्यायची म्हणून ठकूने त्यांच्या वाटची डब्यात काढून ठेवली.

पुढच्या आठवड्यात शिक्षिका मुलीला घेऊन दुकानात आली. शाळेचा नवा युनिफॉर्म शिवायचा होता. तुमच्यासारखं फिटिंग दुसऱ्या कुणाचं बसत नाही हो, असं ती हसून म्हणाली. मुलगी सवयीने दोन्ही हात पसरून त्याच्यासमोर उभी राहिली.

शिंप्याने गळ्यातली टेप काढली आणि आईच्या हातात दिली.

"तुम्हीच घ्या माप," तो म्हणाला. वही उघडून तो भिंतीकडे तोंड करून बसला. "आकडे सांगा. मी लिहितो."