गोंदियाने न पाहिलेला सीन

टीव्हीच्या उजव्या कोपऱ्यात वरती एक गोल ठिपका लुकलुकून गेला, आणि रामलालने झटकन बोट वर केलं.

"बदला!"

मंजू दचकली. गेल्या चार महिन्यांत बाबांचा आवाज इतका खणखणीत लागला नव्हता. तो ठिपका म्हणजे रीळ संपत आल्याची खूण. ती दिसली की ऑपरेटरने दुसरं मशीन सुरू करायचं. गोंदियाच्या टॉकीजमध्ये बाबांनी तीस वर्षं तेच केलं होतं. टॉकीज पाडून तिथे कपड्यांचं दुकान उभं राहिलं, पण त्यांच्या बोटाला ते कुणी कळवलेलं दिसत नव्हतं. प्रत्येक ठिपक्याला ते न चुकता वर जात होतं.

तिरोड्याच्या आपल्या घरात मंजूने भर दुपारी पडदे ओढून डीव्हीडी लावली होती. काळा-पांढरा इंग्रजी पिक्चर, रक्त पिणाऱ्या सरदाराचा. रविवारी सकाळच्या खेळाला तो लागला तेव्हा दोन हवालदार घाबरून अर्ध्यातून उठून गेले, ही बाबांची फुशारकी मंजू लहानपणापासून ऐकत आली होती. तिच्या मुलीने, डिंपलने, तो नागपुरातून शोधून आणला. जुन्या गोष्टी दाखवा, माणूस बोलता होतो, असं डॉक्टर म्हणाले होते.

मंजूला त्यांना बोलतं करायचंच होतं. ती तीन वर्षांची असताना तिची आई, रुख्मिणी, कुणाबरोबर तरी पळून गेली. कुणाबरोबर गेली, पोरीला टाकून जायला तिचा पाय कसा उचलला, याबद्दल बाबांनी कधी ब्र काढला नाही. मंजूनेही विचारलं नाही. आईचं नाव निघालं की ती उठून जायची. लग्नाच्या पत्रिकेतही तिने ते छापू दिलं नव्हतं. पण आता बाबांच्या डोक्यातून रोज काहीतरी निसटत होतं. सकाळी ती त्यांची मंजू असायची आणि दुपारी दवाखान्यातली नर्सबाई. आईने मला का टाकलं, एवढं एकच तिला त्यांच्या तोंडून ऐकायचं होतं. उशीर झाला तर ते कायमचं राहून जाणार होतं.

सरदार शवपेटीतून उठला तसे बाबा खुदकन हसले. "आता पाहा, पब्लिक कशी बोंबलते!" मंजूने त्यांच्या पुढ्यात मुरमुऱ्यांची वाटी सरकवली. एकेक मुरमुरा तोंडात टाकत ते पुढचा सीन आधीच सांगत होते, आणि तो तसाच येत होता. मंजूला बरं वाटलं. आणखी दहा मिनिटं जाऊ द्यावीत, मग हळूच विषय काढावा, असं तिने मनाशी ठरवलं.

सरदाराने चावा घेतलेली एक बाई मेली. तिला पुरलं. पुढच्याच सीनमध्ये तिची लहान मुलगी पलंगावर झोपली होती, आणि खिडकीबाहेर ती मेलेली बाई उभी होती. अंगात पांढरे कपडे, ओठांवर काळसर डाग. ती आत येत नव्हती. काचेला तळवा लावून नुसती मुलीकडे बघत होती.

वाटीतला हात तिथेच थांबला.

"हा सीन नाही याच्यात," बाबा म्हणाले.

"हाये ना, बाबा. चालूच तर हाये."

"नाही! कापला होता मी. ब्लेडनं. खेळाच्या आधी रिकाम्या टॉकीजात लावून पाहिला अन् कापला. मालकाले सांगतलं, प्रिंट तुटली. गोंदियात कोणीच नाही पाहिला हा सीन."

"काऊन कापला?"

बाबांनी तिच्याकडे नीट निरखून पाहिलं. त्या नजरेत ओळख नव्हती.

"तुमी दवाखान्यातल्या आहा ना? मंग तुमाले समजन. टीबी होती तिले."

"कोणाले?"

"रुख्मिणीले. माह्या बायकोले. खोकलली का पदर लाल. पोरीले लागन म्हणून तिले माहेरी नेऊन टाकलं, चिचगडले. तरी येत राहे एस.टी.नं. खिडकीपाशी उभी राहे. अशीच. गज धरून."

मंजूने रिमोट उचलला, पण कुठलं बटण दाबायचं तेच तिला सुचेना.

"दार उघडा म्हणे?" तिने कसंबसं विचारलं.

"नाही जी. एकडावबी नाही म्हटलं. फक्त पोरीले पाहे. मी आतून कडी लावून बसलो राहो. सहा महिने आली, मंग चिचगडवरून निरोपच आला, गेली म्हणून. त्याच महिन्यात हा पिक्चर लागला. मशीनपाशी उभा राहून कसा पाहू?"

मंजूला हुंदका आला. पन्नास वर्षं ज्या बाईला तिने मनातल्या मनात शिव्या घातल्या, ती बाई खिडकीबाहेर खोकत उभी होती, आणि तिला दार कुणी उघडलं नव्हतं. मंजूला बाबांचा राग आला, त्यांची कीव आली, आणि सगळ्यांत जास्त स्वतःची लाज वाटली. बाबा, मीच मंजू, असं सांगायला तिने तोंड उघडलं.

बाबांनी तिचं मनगट घट्ट धरलं. दाराकडे एकदा बघून घेतलं आणि आवाज खाली आणला.

"आमच्या मंजूले सांगू नोका, बाई. माय गेल्यावर पोर खिडकीकडं हात करून रात-दिवस रडे. माय पळून गेली म्हणून सांगतलं, तवा कुठं गप झाली."