खजूरची शिकवणी

"वाडीत!" फिरोजाबींनी खराटा आपटला. पडवीच्या लादीवर मधोमध ओलं करून बसलेलं पिल्लू शेपूट पोटाशी घेऊन नारळ-सुपारीच्या वाडीत पळालं. फिरोजाबींनी माती आणली, पाणी आणलं आणि कुत्र्याने नापाक केलेली ती जागा सात वेळा धुतली. तोंडाचा पट्टा चालूच होता.

पिल्लू आणलं होतं सुनेने, इनशाने. तिचा नवरा कैस कुवेतला. घरात बोलायला एकटी सासू, आणि सासूचं बोलणं म्हणजे हुकूम. माकडं शहाळी पाडतात, वाडीच्या राखणीला कुत्रा हवा, असं इनशाने पुढे केलं. राखणीचा कुत्रा धर्मात चालतो, हे फिरोजाबींना नाकारता येईना. मोहल्ल्यातल्या पोरीबाळींना दीनाच्या, धर्माच्या गोष्टी शिकवणाऱ्या त्याच. मग त्यांनी अट घातली.

"थोर होईपरत पडवीत ऱ्हाऊ दे. पन घरात घान केली, तर म्हसळ्याच्या बाजारात नेऊन सोडीन."

इनशाचा चेहरा उतरला. ती लाडच करत बसणार, हे फिरोजाबींना ठाऊक होतं. शेवटी शिकवणी त्यांनीच अंगावर घेतली. पिल्लाने खाल्लं की "वाडीत!" झोपून उठलं की "वाडीत!" जमीन हुंगत गोल फिरायला लागलं की "वाडीत!" काम झालं की खजुराचा एक तुकडा, तोही लांबूनच फेकलेला. त्यावरून इनशा त्याला खजूर म्हणायला लागली. पावसाच्या आधी खजूर पुरता तयार झाला. लागली की दाराशी जाऊन कुंईकुंई करायचा, वाडीत जाऊन यायचा आणि दारावर पंजा घासायचा. "तुज्यापरीस हुशार हाय," असं फिरोजाबी सुनेला ऐकवायच्या. म्हातारी विरघळली होती, पण कबूल करेल तर ती फिरोजाबी कसली!

वादळ आलं त्या दिवशी सकाळपासून दारं लावलेली होती. पडवीचे पत्रे वाजू लागले तसं इनशाने खजूरला माजघरात घेतलं. फिरोजाबींनी लांबूनच त्याला कोपरा दाखवला. इनशा ओटीच्या दाराखाली पोती कोंबायला गेली. फिरोजाबींनी हातपाय-तोंड धुऊन वजू केलं आणि दुपारच्या नमाजसाठी जानमाज, नमाजची चटई, पसरली. तेवढ्यात खजूर दाराशी जाऊन कुंईकुंई करायला लागला.

त्यांनी जानमाजकडे पाहिलं, मग त्याच्याकडे. "इथंच कर" एवढं म्हणायला जीभ वळेना. वारा जरा पडल्यासारखा वाटत होता. त्यांनी माजघराचं दार उघडलं, पडवीचं उघडलं.

"वाडीत! जा, लवकर ये."

तो पळाला. वारा घरात शिरू नये म्हणून त्यांनी माजघराच्या दाराला पुन्हा कडी घातली आणि नमाजला उभ्या राहिल्या. तो येईपर्यंत उरकेल, असा त्यांचा अंदाज होता.

त्या सजद्यात, कपाळ जमिनीला टेकून असताना वारा उलट्या बाजूने फिरला. वाडीत सुपारीची झाडं कडाकड मोडू लागली. दारावर पंजा घासला. पुन्हा घासला. फिरोजाबींनी ऐकलं. आता थोडंच राहिलंय, असं त्यांनी मनाला समजावलं आणि पुढचं घाईघाईने पढल्या. उजवीकडे सलाम फेरला, डावीकडे फेरला, नमाज संपली. तोवर पडवीचं छप्पर खाली आलं होतं.

संध्याकाळी दोघींनी मिळून पत्रे उचलले. खजूर दाराशीच होता, नाक फटीला लावून. काम उरकून शहाण्यासारखा परत आला होता. इनशाने त्याला मांडीवर घेतलं आणि ती रडायला लागली.

"अम्मा, त्यानं दार वाजवलं असंल. तुमाला ऐकू न्हाय आलं?"

नाही म्हणता आलं असतं. आवाजच तेवढा होता. पण फिरोजाबींना ते जमलं नाही.

"आलं. नमाजात होती मी."

"कुनाचा जीव जात असंल तर नमाज तोडावी, मागनं परत पढावी, ह्ये तुमीच शिकवलं ना मला?"

फिरोजाबी तिच्याजवळ चिखलात बसल्या. आजवर त्यांनी खजूरला कधी हात लावला नव्हता. तो हात त्यांनी त्याच्या भिजलेल्या डोक्यावर ठेवला.

"शिकवलं गं," त्या म्हणाल्या. "शिकलाव मातर तुमी दोगंच. तू आन ह्यो."