शेवटच्या माणसाची अजान

दुपारी सव्वादोनला हम्मूच्या मोबाइलवर हरीसचं ताट आलं. गहू आणि मटण एकजीव होईस्तोवर घोटलेलं, मधोमध खळगा आणि खळग्यात तूप. हम्मूच्या पोटात कावळे ओरडत होते. इकडे मोरोक्कोत, अगादीरात, सूर्य मावळायला अजून साडेचार तास होते, आणि ही बाई तिकडे ओमानात, निझव्यात, रोजा सोडून मोकळी झाली होती.

हिला कुणीतरी आवरा, तो मनात म्हणाला. पण आवरणार कोण? तोच. ‘रहबा’ त्याचाच होता. बंदरात तीस वर्षं क्रेन चालवली, निवृत्त झाला, आणि घरातल्या एका कॉम्प्युटरवर त्याने लोकांच्या गप्पांसाठी हा छोटासा सर्व्हर उभा केला; रहबा म्हणजे बाजाराचा चौक. असे हजारो सर्व्हर जगभर आहेत. कुणी कुणाचा मालक नाही, तरी सगळ्यांचं एकमेकांशी बोलणं चालतं. रहब्यावर जेमतेम दोनशे माणसं, ओमानापासून मोरोक्कोपर्यंत पांगलेली. कुणाचं बोलणं वर ठेवायचं आणि कुणाचं खाली ढकलायचं हे ठरवणारी कंपनी इथे नाही. जो आत्ता बोलला तो सगळ्यात वर.

म्हणूनच तर रीत पडली होती. रमजानात ताटाचा फोटो टाकायचा तो सगळ्यात पश्चिमेच्या माणसाचा रोजा सुटल्यावर. सगळ्यात पश्चिमेला राहायचा हम्मू. तेव्हा ही रीत कुणी पाडली, हे वेगळं सांगायला नको.

यंदा मोठ्या कंपनीच्या नेटवर्कला विटलेले लोक लोंढ्याने इकडे आले. त्यातलीच ही झुवेना. साठी उलटलेली, शाळेत शिकवून निवृत्त झालेली. आठ दिवस झाले, रोज सव्वादोनच्या ठोक्याला हिचं ताट हजर. जुनी मंडळी धुसफुसत होती. शेवटी इजिप्तातल्या दमनहूरच्या बहगतने पाच जणांच्या वतीने लिहिलंच, “हम्मू, एक तर ती राहील, नाहीतर आम्ही.” हेच पाच जण पहिल्या दिवसापासून रहब्यावर होते. ते गेले की मागे उरायचं काय? रिकामा बाजार.

तिला काढून टाकायला नुसतं बोट लावायचा अवकाश होता. हम्मूने बोट नेलंही. पण रमजानात माणसाला दाराबाहेर काढायचं, हे काही त्याच्या मनाला पटेना. त्याने तिला खाजगीत लिहिलं. उपाशी माणूस पाल्हाळ लावत नाही, त्यात जुन्या माणसाला वाटतं की आपली रीत जगाला ठाऊक आहे.

“बाई, आपल्याकडे शेवटच्या माणसाचा रोजा सुटेपर्यंत थांबतात. शेवटचा मी. अगादीरची अजान पावणेसातला होते.”

उत्तर आलं, की चुकलं, भाऊ, मला माहीत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सव्वादोनला काही आलं नाही. पावणेसातला मुअज्जिनचा शेवटचा शब्द हवेत असतानाच भात आणि भाजलेला मासा आला. मग रोजच. पावणेसात म्हणजे पावणेसात. बहगतने गाशा गुंडाळायची भाषा सोडली. उलट निर्लज्जपणे तिच्याकडे हरीसची कृती मागितली, आणि दोन दिवसांनी तळाला करपलं म्हणून तिच्याकडेच गाऱ्हाणं केलं. तिनेही न कंटाळता आच किती ठेवायची ते समजावलं.

हम्मू यंदा घरात एकटाच होता. बायको लेकीच्या बाळंतपणाला ब्रसेल्सला गेली होती. हरीराच्या, म्हणजे मसुराच्या सुपाच्या, वाडग्याला मोबाइल टेकवून तो जेवायचा, आणि खजूर तोंडात टाकण्याआधी नजर तिचं ताट शोधायची. ताट दिसलं की बरं वाटायचं. किती बरं वाटतं, हे कबूल करायला त्याला आठ-दहा दिवस लागले.

विसाव्या रोजाला ताटामागची भिंत फोटोत आली. भिंतीवरच्या घड्याळात पावणेअकरा वाजले होते. हम्मूला हसू आलं. हिने फोटो संध्याकाळीच काढून ठेवला असणार, आणि घड्याळ पडलं असणार बंद. एवढी मनासारखी वागणारी पाहुणी आजवर कुणी आली नव्हती, तेव्हा आज आभार मानायचे हे त्याने ठरवलंच होतं. जोडीला थोडी चेष्टा.

“झुवेनाताई, तुमच्यामुळे आमचा रमजान गोड झाला, मनापासून आभार. पण घड्याळाचा सेल तेवढा बदला.”

“घड्याळ चालू आहे, भाऊ,” तिने लिहिलं.

हम्मूने बोटांवर तास मोजले. अगादीरात पावणेसात, म्हणजे निझव्यात पावणेअकरा. त्याचा चमचा वाडग्यातच राहिला. ही बाई जेवायलाच आत्ता बसली होती. त्याने घाईघाईने विचारलं, तेव्हा कळलं. तिच्या अजानीला ती एक खजूर आणि पाण्यावर रोजा सोडायची, रात्रीची तरावीहची नमाज पढून यायची, मग ताट वाढून त्याच्या अजानीची वाट बघायची. बारा दिवस.

हम्मूला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्याने कान पकडले. लिहिलं, की ताई, माफ करा, ती रीत नुसत्या फोटोपुरती होती. जेवायला थांबा असं मी कसं सांगेन? मी अर्धवट लिहिलं, चूक माझी. उद्यापासून आपल्या वेळेला जेवा, तुम्हाला माझी शपथ.

हरीरा निवला.

“शपथ नका घालू, भाऊ,” मग तिने लिहिलं. “आभार मानायचे तर मी मानायचे. मालक जाऊन नऊ वर्षं झाली. ‘मी आल्याशिवाय जेवू नकोस’ असं मला त्यानंतर तुम्हीच पहिल्यांदा सांगितलंत.”