तीस दिवसांची ओळख

“बाळ, मला पुन्हा बाहेर काढलं गं,” आजी फोनवर म्हणाल्या. सकाळचे बरोबर दहा वाजले होते.

“असू दे, आजी. आधी नंबर टाका. टाकलात? आता पासवर्ड. मला सांगू नका हं, नुसता टाइप करा.”

“उघडलं बाई! किती गुणाची आहेस. तू नसतीस तर काय केलं असतं मी?”

ग्रंथालयाच्या ॲपवर आजी गोष्टी ऐकायच्या. एकदा लॉग इन केलं, की ॲप तीस दिवस माणसाची ओळख ठेवायचं. आजींनाच ते रोज कसं विसरतं, हे हेल्पलाइनवरच्या मुलीला कळेना. सत्तेचाळीस दिवस हाच फोन! साहेबांनी तिला बजावलं होतं, “शुक्रवारपर्यंत ही तक्रार मिटली तर नोकरी कायम. नाहीतर नमस्कार.”

तिने प्रोग्रामरला गाठलं. त्याने नोंदी उघडल्या आणि तो हसतच सुटला.

“ॲप बिचारं निर्दोष आहे. रोज पावणेदहाला त्याच फोनवरून कुणीतरी ‘लॉग आउट’ दाबतंय. तुझ्या आजीच, दुसरं कोण?”

“चुकून बोट लागत असेल रे. आता?”

“त्यांच्या खात्यातून ते बटणच काढतो. मग बसू दे बोट कुठेही लागत. फक्त त्यांना एकदा विचारून घे.”

“वाचवलंस! जन्मभर उपकार विसरणार नाही.”

गुरुवारी दहाला फोन आला. आजींचं लॉग इन झाल्यावर तिने उत्साहाने बटणाचं सांगितलं.

“त्यातलं मला काही कळत नाही, बाळ. थांब, इथे एक भले गृहस्थ असतात, त्यांना देते.”

पलीकडच्या म्हाताऱ्या माणसाने सगळं शांतपणे ऐकून घेतलं. मग पावलं वाजली, दार लागलं.

“बटण राहू दे, पोरी. ते मीच दाबतो.”

“तुम्ही? अहो आजोबा, का पण? इथे माझी नोकरी जायची वेळ आलीय!”

“साहेबांशी मी बोलतो. माझी चूक आहे, तुझी नाही. तुझे तर आभार कसे मानू, हेच कळत नाही. वर्ष झालं, तिला कुणाचीच ओळख राहिली नाही. मी लॉग इन करायला सांगितलं, तर म्हणते, परक्या माणसासमोर पासवर्ड टाकत नसतात. तुझं मात्र ऐकते.”

“पण मग रोज बाहेर कशाला काढता त्यांना?”

“पन्नास वर्षांच्या संसारातलं तेवढंच उरलंय गं. तू ‘पासवर्ड टाका’ म्हणालीस, की तिची बोटं न अडखळता माझं नाव लिहितात.”