फाटकावरचं रडणं

लेकीने आज फाटकाची सळईच धरली. आईने एक बोट सोडवावं, तर दुसरं पुन्हा जाऊन चिकटे. मागे खोळंबलेल्या पालकांची चुळबुळ सुरू झाली. शेवटी वर्गाच्या बाई आल्या आणि बबडीला उचलून घेऊन गेल्या. तिचा टाहो पार जिन्यापर्यंत ऐकू येत होता.

मोठ्या बाईंनी आईला आत बोलावलं. एकीचं बघून सगळा बालवर्ग बिथरतो, म्हणाल्या. या आठवड्यात रुळली तर ठीक, नाहीतर यंदा घरीच ठेवा.

 पण आज आई विचारायचं ठरवूनच आली होती. पहिल्या दिवशी पोरगी हसत आत गेली होती, वळूनसुद्धा पाहिलं नव्हतं. दुसऱ्या दिवसापासून हे सुरू. म्हणजे त्या दिवशी इथेच काहीतरी घडलं. कुणी हात उगारला असेल, कोंडून ठेवलं असेल. त्या संध्याकाळी नेमकं आईचंच डोकं ठणकत होतं, विचारायचं राहून गेलं. मग रोज अंघोळ घालताना ती पाठीवर वळ शोधत राहिली. खोदून विचारलं, की बबडी तोंडाला कुलूप लावी. नवरा म्हणे, तुला राईचा पर्वत करायची सवयच आहे.

हे सगळं तिने एका दमात बोलून टाकलं. मोठ्या बाई रागावल्या नाहीत. त्यांनी तिला वर्गाला लागून असलेल्या सामानाच्या खोलीत नेलं. मधलं दार किलकिलं होतं.

"तुम्हीच बघा," त्या म्हणाल्या.

बबडी खिडकीशी चवड्यांवर उभी राहून फाटकाकडे बघत होती. हुंदके चालूच. मग बाहीने नाक पुसत तिने वर्गाच्या बाईंना विचारलं, आई गेली ना? बाई हो म्हणाल्या.

हुंदके थांबले. बबडीने ठोकळ्यांची पेटी ओढली आणि शेजारच्या पोराला बजावलं, "सरक रे, माझी जागा आहे ती."

बाई तिच्याजवळ खाली बसल्या. इथे कुणी रागावतं का, मारतं का, त्यांनी विचारलं. बबडीने नाही म्हणून मान हलवली. शाळा आवडते? आवडते.

"मग रोज एवढी रडतेस कशाला गं?"

दाराआड आईने फटीला कान लावला.

बबडीने ठोकळ्यावर ठोकळा चढवला.

"पहिल्या दिवशी मी रडलेच नाही. तर आई बाबांना म्हणाली, हिला मी नसले तरी चालतं. आणि खूप रडली." तिने आणखी एक ठोकळा नीट बसवला. "आता आई नाही रडत."