पलीकडच्या खोलीतली आई
भंगार बाजारातून त्यानं हौसेनं जुनापुराणा मेकॅनिकल कीबोर्ड आणला आणि कन्व्हर्टर लावून नव्याकोऱ्या कॉम्प्युटरला जोडला. एकेक बटण हाड मोडल्यासारखं वाजत होतं. "अगदी माझ्या क्लासातल्या मशीनसारखा वाजतो रे," पलीकडच्या खोलीत विणत बसलेली आई खुशीत म्हणाली. तिनं आयुष्यभर टायपिंगचा क्लास चालवला होता. पाठमोरी बसूनही नुसत्या आवाजावरून पोरांच्या चुका पकडायची. त्यानं ऑफिसला गेलेल्या बायकोला मेसेज टाइप केला, 'वृद्धाश्रमात जागा मिळाली. रविवारी फिरायला नेतो सांगून आईला सोडून येऊ.' पलीकडे विणायच्या सुया थांबल्या. "रविवारी नको बाळा, गर्दी असते." चोरट्यासारखं एका बोटानं त्यानं लिहिलं, 'आईला सगळं ऐकू येतंय.' "येतंय. आणि एका बोटानं टाइप करू नकोस." तिचं कपाट करकरलं. चुकणाऱ्या पोरांच्या बोटांवर बसणारी क्लासातली लाकडी पट्टी तिथंच असायची.