चालू राहिलेला माईक

शाळा बंद होत्या, तरी विज्ञानाच्या मॅडमनी सातवीची पोरं हातची जाऊ दिली नव्हती. स्वयंपाकघरात साखरेच्या डब्याला फोन टेकवून त्या रोज सकाळी सगळ्यांना गोळा करायच्या. वर सांगायच्या, "कळलं नाही तर शंभरदा विचारा. मी कंटाळणार नाही."

त्या दिवशी फुप्फुसांचा धडा अगदी रंगात आला होता, तेवढ्यात त्यांचे वडील दारात येऊन उभे राहिले. हल्ली त्यांच्या काही लक्षात राहत नसे.

"तुझी आई कुठे गेली गं?"

सकाळपासून त्यांचं हेच चाललं होतं. मॅडमनी चटकन कॅमेरा बंद केला आणि त्या उसळल्या, "आई गेली, बाबा! कायमची गेली! तेच तेच किती वेळा सांगू? जा, गप्प बसा खोलीत!"

वडील भिंत धरत आत गेले. मॅडमनी केस सारखे केले, कॅमेरा लावला आणि पाहतात तर सगळी पोरं माना खाली घालून बसलेली. माईक चालूच राहिला होता. त्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. कसाबसा धडा गुंडाळून त्यांनी फोन पालथा ठेवला.

थोड्या वेळाने तो वाजला. वर्गात कधीही तोंड न उघडणारी मुलगी होती.

"काय गं, काही शंका आहे का?"

"नाही मॅडम. आजोबांना फोन देता?"



"कशाला गं?"

"आजी जरा बाहेर गेल्यात, येतीलच इतक्यात, असं मी सांगते त्यांना. रोज सांगेन."